बंद टॉवेल कारखान्याच्या जागेवर ग्रीन रूफ आणि मागं रान: सोलापूरच्या उन्हात जमतंय का?

एमएच_तेरा

नमस्कार मंडळी. लांबलचक होणारंय, आधीच सांगतो. अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं युनिट होतं, आजोबांनी चार लूमवर चालू केलेलं, वडिलांनी वाढवलं, मागच्या बाजूला छोटा रंगखाना पण होता, आणि मग जे बऱ्याच जणांचं झालं तेच आमचं, २०११ ला लूम भंगारात गेले आणि शेडला कुलूप लागलं. आता मी आणि चुलतभाऊ मिळून तिथं नवीन बांधकाम करतोय, खाली टॉवेलचं गोडाऊन आणि पॅकिंग, वर ऑफिस, स्लॅब होईल ३००० स्क्वेअर फुटाचा. आर्किटेक्ट पुण्याची आहे, हुशार आहे, पण तिनं ड्रॉइंगमध्ये स्लॅबवर चक्क गवत दाखवलंय. ग्रीन रूफ म्हणे. मातीचा थर, त्यावर झाडोरा, खाली ऑफिसात गारवा, पावसाचं पाणी एकदम न येता हळूहळू उतरतं वगैरे. फोटो दाखवले ते सगळे जर्मनीतले. मी म्हणलं मॅडम मे महिन्यात एकदा सोलापूरला येऊन बघा, ४३-४४ ला इथं डांबर चपलेला चिकटतंय, गवत काय जगणार.

दुसरी गोष्ट मागच्या जागेची. साधारण अर्धा एकर. इतकी वर्षं कुणी गेलंच नाही तिकडं, त्यामुळं वेडी बाभूळ माजलीय, गाजरगवत आहे, पण मुंगसं पण आहेत, तितर ओरडतात पहाटे, आणि जुन्या बॉयलर रूमच्या पडक्या स्लॅबवर दरवर्षी टिटवी बसते. मॅडम म्हणतात ही जागा पेव्हर ब्लॉक टाकून मारू नका, रान म्हणूनच ठेवा, थोडं नीट करून. भाऊ म्हणतो जेसीबी लावू, एका दिवसात क्लीन. काका तर म्हणतात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी आणि हा येडा छतावर शेती करायला निघालाय.

मला खरंच कळंना झालंय. पैशाचं नंतर बघू, आधी हे सांगा की आपल्या हवेत हे टिकतंय का, स्लॅबला झेपतंय का, आणि मागच्या जागेचं काय करू. कुणी केलंय का प्रत्यक्ष?


पाणी_आलं_का

मालक, साधा हिशोब. ३००० फूट म्हणजे २८० चौरस मीटर. मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर तरी धरा, म्हणजे १४०० लिटर रोज, आठवड्याला १० हजार लिटरचा एक टँकर निव्वळ छताला पाजायचा. उजनी शंभर किलोमीटरवर, तिथनं पाईपनं पाणी आणून आपण गवताला घालणार का. पांढरा रंग मारा स्लॅबला, दर दोन वर्षांनी परत मारा, विषय संपला. आमच्या शेडच्या पत्र्यावर मारलाय, आत फरक जाणवतो.


हिरवळ_गेली

मी केलंय. म्हणजे करून बसलोय. होटगी रोडला घराच्या गच्चीवर ६०० फुटात लॉन टाकलं तीन वर्षांपूर्वी, एका गार्डनवाल्याकडनं, नाव घेत नाही. त्यानं खाली प्लास्टिकचा कागद टाकला, त्यावर शेतातली काळी माती सहा इंच, त्यावर रोल उलगडून लॉन. पहिले दोन महिने बायकोनं रोज फोटो टाकले स्टेटसला. मग सप्टेंबरात पाऊस झाला तसा काळ्या मातीनं पाणी धरलं, निचरा शून्य, वर चिखलाचं तळं, खाली बेडरूमच्या छताला ओल. आणि उन्हाळ्यात त्याच मातीला हाताची बोटं जातील एवढ्या भेगा. गच्चीत पिंपळाची रोपं निघाली सात, त्यातलं एक कठड्याच्या सांध्यात घुसलंय, अजून तिथंच आहे, कापलं की परत येतं. शेवटी माती काढायला चार गडी तीन दिवस लागले. काळी माती छतावर नको, एवढंच माझं सांगणं. बाकी हुशार लोक सांगतील.


काँक्रीटकाका

वरच्या भाऊंचं वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. तीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाईन करतोय, त्यातली वीस सोलापुरात, तेव्हा माझ्या बाजूचं सांगतो.

पहिलं म्हणजे जुन्या शेडवर हे करायचं डोक्यातनं काढा. जुन्या गिरण्यांचे आणि लूमच्या शेडचे करवतीच्या दात्यासारखे छप्पर असतात, उत्तरेचा उजेड आत यावा म्हणून, खाली लोखंडी कैच्या, वर कौल नाहीतर पत्रा. ते स्वतःचं वजन आणि वारा एवढंच धरून केलेलं असतं. त्याच्यावर माती म्हणजे आत्महत्या. तुमचा नवीन स्लॅब आहे म्हणून बोलण्यात अर्थ आहे.

आता वजन. आपल्या आयएस ८७५ (इमारतीवर भार किती धरायचा त्याचं भारतीय मानक) च्या भाग २ मध्ये लोक वर जातायेत असा सपाट स्लॅब असेल तर चौरस मीटरला १५० किलोचा लाईव्ह लोड (माणसं, सामान असला येता-जाता भार) धरतात, वर जायची सोयच नसेल तर ७५. बरेच जण इथं चुकतात, त्यांना वाटतं १५० आहे ना मग मातीला वापरू. नाही ओ. माती हा कायमचा भार, तो वेगळा धरायचा, आणि तोसुद्धा पावसात पूर्ण भिजलेल्या मातीचा. विटांचा चुरा आणि मुरूम मिळून १२ सेंटीमीटरचा थर असेल तर भिजल्यावर चौरस मीटरला १८० किलोपर्यंत जातो. तुमच्या २८० मीटरला ५० टन झाले. डंपरच्या तीन भरलेल्या खेपा कायम डोक्यावर उभ्या.

आता घाबरू नका, कारण दुसरी बाजू सांगतो जी आर्किटेक्ट लोक कधी सांगत नाहीत. आपण सोलापुरात सगळ्या स्लॅबवर काय टाकतो? ब्रिकबॅट कोबा. चार-पाच इंच विटांचे तुकडे आणि मसाला. त्याचं वजन काढलंय का कधी? चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास. म्हणजे तेवढंच वजन आपण आयुष्यभर डोक्यावर घेऊन बसतोय आणि त्यातनं एक गवताची काडी उगवत नाही. कोबा न टाकता चांगला मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) केला, त्यावर मुळं अडवणारा जाड थर, त्यावर निचऱ्याचा थर, त्यावर जिओटेक्स्टाईल कापड (माती अडवून पाणी खाली सोडणारं) आणि मग तुमचं मिश्रण, तर वजनात फारसा फरक पडत नाही. डिझाईन सुरुवातीपासून तसं करून घ्यायचं, स्लॅब पडल्यावर मला फोन करायचा नाही.

मेम्ब्रेन झाल्यावर आउटलेट बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून बघायचं. तुंबवलेलं पाणी बोअरचं चालेल, पण टेस्ट टाळायची नाही, माती पडल्यावर गळती कुठनं येतीय हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. उतार शंभराला एक तरी. आउटलेट किमान दोन, आणि कठड्याला एक जास्तीचं भोक, कारण आपल्याकडं पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा सप्टेंबरात अर्ध्या तासात सगळा हिशोब चुकता करतो. २५ मिलिमीटरचा एक सरीचा पाऊस तुमच्या स्लॅबवर ७००० लिटर टाकतो. कठड्याला लागून आणि आउटलेटभोवती फूट-दीड फूट नुसती खडी ठेवा, माती नाही. पाण्यालाही बरं आणि वाळलेल्या गवताला दिवाळीत रॉकेट लागलं तर त्यालाही.

आणि पिंपळ. पक्षी बसणार, शिटणार, पिंपळ वड उंबर येणार. वर्षातून दोनदा माणूस वर चढून उपटणार असेल तरच हा उद्योग करा. दोन इंचाचं असताना दोन बोटांनी निघतं, दोन फुटाचं झालं की स्लॅब मागतं.


माळरानी

@पाणी_आलं_का तुमचा हिशोब बरोबर आहे पण तो लॉनचा आहे. लॉन सोलापूरचं नाहीच. मी नान्नजकडच्या माळावर, माळढोक अभयारण्याच्या बाजूला, बरीच वर्षं गवत बघत फिरतेय, तिथं मे महिन्यात कोण पाणी घालतं? कुणी नाही. गवत वाळतं, पिवळं होतं, मग करडं होतं, आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाला आठ दिवसात जागं होतं. मेलेलं नसतं ते, झोपलेलं असतं. तुमच्या छताला माळरान करा, लॉन नको. मग पाण्याचा प्रश्नच येत नाही, पहिल्या पावसाळ्यात खंड पडला तर चार-पाच वेळा शिंपडायचं एवढंच.

पण एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा, की ते आठ महिने हिरवं नसणारंय. पुण्याच्या मॅडमना सांगा की ब्रोशरमधला फोटो जुलै ते ऑक्टोबरमध्येच काढायचा. काका विचारतील हे काय वाळलेलं ठेवलंय. तर हेच ठेवलंय. वाळलेल्या गवताची सावली आणि खालचा भुसभुशीत थर, यानं सुद्धा ऊन थेट स्लॅबवर पडत नाही. हिरवं असताना पानातनं पाणी उडून जो गारवा मिळतो तो मात्र उन्हाळ्यात मिळणार नाही, ते खोटं नको सांगायला. त्यामुळं पांढऱ्या रंगाशी भांडण नाही माझं, निव्वळ एप्रिल-मेची उष्णता तोडायची असेल तर रंग स्वस्त आणि चांगला. रंगावर चंडोल बसत नाही एवढंच.

आता एक गंमत सांगते. लंडनमध्ये थिरथिरा नावाचा पक्षी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यात घरटी करायला लागला. नंतर जुन्या गोदी आणि कारखान्यांच्या ओसाड जागा राहिल्या, तिथं तो टिकला, आणि जेव्हा त्या जागांवर नवीन बांधकामं यायला लागली तेव्हा तिथल्या पक्षीवाल्यांनी हट्ट धरला की पाडलेल्या बांधकामाच्याच विटा-काँक्रीटचा चुरा करून नवीन इमारतीच्या छतावर पसरा, आणि तसेच सोडा. त्याला ते ब्राऊन रूफ म्हणतात, ग्रीन नाही. आता हा थिरथिरा कोण, तर तोच जो हिवाळ्यात आपल्याकडं येतो आणि कुंपणावर बसून शेपटी थरथरवत असतो. तुमच्या मागच्या जागेत नोव्हेंबरात नक्की येत असणार, बघा लक्ष देऊन, नर काळा आणि पोटाशी विटकरी.

म्हणून तुमच्या शेडच्या पाडलेल्या विटा फेकू नका. चुरा करा, मुरूम मिसळा, दहाला एक भाग जुनं कंपोस्ट, बास. माती जेवढी गरीब तेवढं माळाचं गवत खूष, खत जास्त झालं की गाजरगवताची चंगळ. आणि सगळीकडं एकसारखा थर नको, कुठं तीन इंच, कुठं सहा-सात (खांबाच्या डोक्यावर जाड ठेवा, काँक्रीटकाका सांगतीलच), दोन-चार दगड, एखादं वाळकं खोड. स्वित्झर्लंडमध्ये तिकडच्या टिटव्यांनी सपाट हिरव्या छतांवर अंडी घातली, पिल्लं निघाली आणि बहुतेक मेली, कारण वर ना खायला किडा होता ना पाणी ना आडोसा. मग लोकांनी थर कमी-जास्त केले, पाण्याच्या उथळ जागा केल्या.

लावायचं काय: पवन्या, मारवेल, मध्ये मध्ये चिवळ, घोळ, विष्णुक्रांता, कोपऱ्यात कोरफड, जमलं तर माकडशिंगी. बी विकत मिळणार नाही, नोव्हेंबर-डिसेंबरात शेताच्या बांधावरनं, रस्त्याकडनं गोळा करा (अभयारण्यातनं नाही, तिथं काडीही उचलायची नाही). गवताचं बी लगेच उगवत नाही, एक उन्हाळा पोत्यात राहिलं की बरं उगवतं. मृगाच्या आधी शेण-मातीत कालवून गोळ्या करून टाका, नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळं वाहून नेतात, मी अनुभवलंय.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कुसळी गवत लावू नका. तुमचा टॉवेलचा धंदा आहे. एक कुसळ एक्स्पोर्टच्या टॉवेलमध्ये निघालं की गिऱ्हाईक आणि तुम्ही दोघंही नाचाल.


एमएच_तेरा

हाहा कुसळाचं पटलं ताई. आजी सांगायची, दारातनं कुसळं घेऊन आलेल्या गड्याला लूमपाशी जाऊ द्यायची नाही.

मागच्या अर्ध्या एकराचं सांगा ना पण. भाऊ आता नवीनच काढलाय, म्हणतोय मियावाकी करू, तीन वर्षात जंगल, फोटोला पण बरं. आणि रंगखान्याच्या जागची माती जरा निळसर-काळी आहे, वास नाही आता, पण तिथं अजूनही काही उगवत नाही. आणि शेडला सगळा सिमेंटचा पत्रा आहे, तो पण चुऱ्यात घालू का?


काँक्रीटकाका

पत्रा चुऱ्यात?? अजिबात नाही. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. तो फोडला, घासला, क्रशरमध्ये घातला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. पत्रा पाण्यानं भिजवून, बोल्ट कापून, अख्खा खाली उतरवायचा, पोरांना चांगले मास्क द्यायचे, रुमाल नाही, आणि तुकडे प्लास्टिकात गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी. विटा काढायच्या आधी पत्र्याचे तुकडे जमिनीवर राहिले नाहीत ना हे स्वतः बघा. भंगारवाला म्हणेल मी नेतो, तो नेईल आणि कुठल्यातरी गोठ्यावर टाकेल.


रंगारी_अण्णा

मी २६ वर्षं रंगखान्यात काढली, दुसऱ्याच्या, तुमच्या नव्हे. तेव्हा पाणी कुठं सोडायचे हे कुणी विचारत नव्हतं, मागं खड्डा असायचा, त्यात सगळं. व्हॅट रंग, सल्फर रंग, कॉस्टिक, मीठ, हायड्रो. आमचे हात रात्री घरी गेल्यावर पण निळेच, बायको म्हणायची भाकरीला रंग लावू नका. तुमची ती निळी माती तोच खड्डा असणार. मिठानं पण काही उगवत नाही, दरवेळी विषच असतं असं नाही, पण बघितल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन ठिकाणची, वरची आणि तीन फुटाखालची माती वेगवेगळी काढून लॅबला द्या, क्षार, सामू आणि क्रोमियम, शिसं, तांबं असले धातू बघायला सांगा. बॉयलरच्या राखेचा ढीग असेल तर त्याची पण. आणि त्या भागात शेवगा, कढीपत्ता, भाजी काही लावू नका. कामगार लोक सहज तोडून नेतात घरी, मालक. बोअरचं पाणी पण तपासून घ्या.


माळरानी

अण्णांचं अगदी बरोबर, रिपोर्ट येईपर्यंत त्या खड्ड्याला हात लावू नका. जर्मनीत डुइसबुर्गला लोखंडाचा मोठा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, त्याचं पार्क केलं तेव्हा पेटर लात्स नावाच्या डिझाईनरनं भट्ट्या पाडल्याच नाहीत, आणि सगळी माती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकण्यापेक्षा जिथं खराब होती तिथं काही बंदिस्त केली, काही ठिकाणी माणसांना लांब ठेवून झाडोरा येऊ दिला. आज भट्टीवर लोक चढतात आणि खाली खनिजाच्या बंकरमध्ये बागा आहेत. आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबईत धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ती जागा म्हणजे शहराचा उकिरडा होता. तिथं आता एवढी झाडी आहे की आत गेल्यावर आपण कुठं आहोत ते कळत नाही. पण तो कोकणाचा पाऊस. तिकडचं बघून इकडं जंगल लावायचं नाही, आणि इथंच मला तुमच्या भावाशी भांडायचंय.

मियावाकी सोलापुरात कशाला हो? आपली जमीन मुळातच उघडी, गवत आणि अधूनमधून एखादा हिवर, बोर, बाभूळ, असली. चौरस मीटरला तीन झाडं दाटीनं लावून त्यांना तीन वर्षं ठिबक द्यायचं आणि त्याला निसर्ग म्हणायचं, हे मला पटत नाही. ‘ओसाड’ म्हणून माळावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावत गेलो आपण, १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य झालं आणि त्याच माळांवर झाडं लावायचे कार्यक्रम पण झाले. माळढोकला लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. आता तो दिसणं जवळपास संपलंय. झाडं हे एकच कारण नाही, पण ते एक आहेच.

तुमचं मॉडेल जोधपूर आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याला ७० हेक्टर खडक, सगळा वेड्या बाभळीनं भरलेला. २००६ पासून प्रदीप क्रिशेन आणि त्यांच्या लोकांनी काम सुरू केलं, आधी बाभूळ कापून बघितली, परत फुटली. कारण वेडी बाभूळ वरनं कापून मरत नाही, जमिनीत फूट-दीड फूट खाली तिचा गड्डा असतो तिथनं ती परत येते. शेवटी दगड फोडणारे खंडवालिया लोक बोलावले, ते हातोडीनं ठोकून आवाजावरनं खडक कुठं फुटेल ते ओळखायचे, त्यांनी छिन्नीनं खणून मुळासकट काढली. मग त्याच खड्ड्यात मारवाडच्या वाळवंटातली झाडं लावली. राव जोधा पार्क नाव आहे, एकदा जाऊन या, हिवाळ्यात नको, पावसाळा संपता संपता जा.

तर जेसीबी नको. जेसीबी सगळं उलथतो आणि खालनं गाजरगवताचं बी वर आणून देतो. पहिल्या वर्षी एक तृतीयांश भागातली वेडी बाभूळ गड्ड्यासकट काढा, तिथं गवत आणि दोन-चार हिवर, मेडशिंगी, नेपती येऊ द्या. तितर आणि मुंगसांना बाकीचं राहू द्या तोपर्यंत. पुढच्या वर्षी पुढचा तुकडा. गाजरगवत फुलायच्या आधी उपटायचं, हातमोजे घालून, फुलावर आल्यावर उपटून उपयोग नाही.


गिरणीची_लेक

इतकं सगळं वाचलं आणि हसू आलं, कारण ज्याला ग्रीन रूफ म्हणताय त्याच्या खाली मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या झोपून काढल्यात. मंगळवेढ्याकडं आमचं गाव, माळवदाचं घर. सागाच्या तुळया, त्यावर किलचा, वर काटक्या-पाला आणि मग हात-दीड हात माती. बाहेर आग ओकत असायची आणि आत पंखा नसताना झोप लागायची. तर जर्मनीचं कौतुक पुरे.

पण मी उगाच ‘आपल्याकडं सगळं होतंच’ म्हणणारी नाही. कारण माळवद आणि हे तुमचं छत उलट्या हिशोबाचं आहे. मृगाच्या आधी आजोबा गावाबाहेरनं पांढरी खारवट माती गाढवावरनं आणायचे, ती पसरून धुमसानं चोपायची, म्हणजे पाणी आत न जाता पन्हाळीतनं पळावं. खारवट मुद्दाम, त्यात गवत धरत नाही म्हणून. तरी श्रावणात उगवायचंच, आणि आजी मला वर चढवायची, जा गं उपट, मूळ खाली गेलं की घर गळतं. म्हणजे आमच्या छतावर गवत येणं हे आळशी घराचं लक्षण होतं. आता तुम्ही पैसे देऊन लावताय. फरक त्या मेम्ब्रेनचा, बाकी काय. तो फाटला की तुम्ही पण आजीसारखे उपटत बसाल.

दुसरं, आणि हे जरा कडू वाटेल. माझे वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, साच्यावर. जुनी गिरणी १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, हे शहर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरण्या गेल्या तेव्हा वडिलांना पहाटे पाचला जाग यायची ती शेवटपर्यंत येत राहिली, जायचं कुठं नव्हतं. मुंबईत निदान कायदा झाला होता १९९१ ला की गिरणीच्या जमिनीतला एक तुकडा मोकळ्या जागेला, एक घरांना, मग २००१ ला तो असा बदलला की फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीनच वाटपात धरायची, आणि सुप्रीम कोर्टानं २००६ ला त्यावर शिक्का मारला. काय उरलं ते लोअर परळला जाऊन बघा.

तुमची जागा खासगी, छोटी, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. पण मागचं रान करणार असाल तर कंपाउंडच्या कडेला एक फाटक ठेवा आणि एक कट्टा. शेजारच्या युनिटमधल्या बायका दुपारी डबा खायला रस्त्याच्या कडेला ट्रकच्या सावलीत बसतात, मी रोज बघते. आणि फाटकापासनं कट्ट्यापर्यंतची पट्टी नीट कापलेली ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की मालक मेला नाही, मुद्दाम ठेवलंय. नाहीतर आठ दिवसात कुणीतरी कचरा टाकायला सुरू करेल, मग साप निघाला म्हणून ओरडेल, मग तक्रार.


पाणी_आलं_का

सापाचं राहिलंच होतं. निघणारच की.


माळरानी

निघणार. उंदीर आहेत म्हणून साप आहेत आणि तुमच्याकडं मुंगूस पण आहे. कट्ट्याभोवती गवत कमी, बूट घालून फिरायचं, आणि सर्पमित्राचा नंबर गेटवर. माळावर आम्ही तसंच फिरतो.


एमएच_तेरा

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. रविवारी घरी बैठक झाली. काकांना कोब्याच्या वजनाचं सांगितलं तर ते गप्पच झाले, मग म्हणाले म्हणजे आजवर आम्ही फुकट वजन वाहिलं होय. माळवदाचं वाचून दाखवल्यावर आई बोलायला लागली, तिच्या माहेरी पण होतं, बार्शीकडं, आता अर्धं पडलंय.

ठरलंय ते असं. मातीची तपासणी आधी, नमुने काल काढले, अण्णांनी सांगितलं तसे वरचे-खालचे वेगळे. पत्रा भिजवून उतरवणारा माणूस शोधतोय. सगळ्या ३००० फुटावर एकदम उडी मारत नाही, डिझाईन पूर्ण वजनाला धरून करून घेतोय पण या पावसाळ्यात गेटजवळच्या वॉचमनच्या खोलीवर १२० फुटात करून बघणार, तिचा स्लॅब काकांच्या ओळखीच्या इंजिनिअरनं तपासलाय. विटांचा चुरा, मुरूम, आणि बांधावरचं जे मिळेल ते बी, यंदा गेल्या वर्षीचं पोतं कुणाकडं असेल तर सांगा, पैसे देतो. ऑफिसच्या स्लॅबला तोपर्यंत पांढरा रंग, @पाणी_आलं_का खूष व्हा.

जेसीबीचं मात्र वेगळंच झालं. भावानं सांगून ठेवलेला, तो मंगळवारी आला पण. बॉयलर रूमचा पडका स्लॅब पाडायचा होता आधी, तर वर टिटवी. चार अंडी, खडीत, दिसत पण नाहीत जवळ गेल्याशिवाय. ड्रायव्हर म्हणाला मी नाही पाडणार साहेब, टिटवीनं उंचावर घातलीत म्हणजे यंदा पाऊस जोराचा, हिला हलवलं तर पाऊस जातो. भाऊ त्याच्याशी वाद घालत होता अर्धा तास, शेवटी येण्या-जाण्याचे पैसे देऊन परत पाठवला. किती दिवस लागतात पिल्लं निघायला? आणि स्लॅब आठ-नऊ फूट उंच आहे, पिल्लं खाली कशी येणार?


माळरानी

महिनाभर धरा, २८-३० दिवस. निघाली की दुसऱ्याच दिवशी पळायला लागतात, आई-बाप खालनं बोलवतात आणि ती उडी मारतात, हलकी असतात. खाली फरशी असेल तर वाळू नाहीतर रिकामी पोती पसरून ठेवा, स्लॅबच्या कडेला. आणि खाली सावलीत उथळ पाणी ठेवा, बोटभरच खोल, दगड घालून, नाहीतर पिल्लू बुडतं. जवळ जाऊन फोटो काढू नका, ती डोक्यावर येऊन ओरडते तेव्हा अंडी उन्हात उघडी पडतात.


एमएच_तेरा

ठेवलंय पाणी. परात आईची होती, पितळेची. सकाळपासनं शोधतीये ती.